घाबरणाऱ्यांसाठीचं पान

ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या बाईंना सगळे पाठीमागे ब्रेकबाई म्हणत. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्यासाठी. बाकीचे शिकवणारे तो अडीनडीला वापरतात. बाईंचा पाय मात्र त्यावरून सहसा हलायचा नाही. शिकणाऱ्याने सिग्नल बघितलाय यावर त्यांचा विश्वास नसे. समोरचा टेम्पो डावीकडे वळायचा दिवा दाखवतोय म्हणजे तो डावीकडेच वळेल, यावर तर मुळीच नसे. हा स्वभाव धंद्यातून आला की स्वभावातून धंदा आला, हे त्यांच्या नवऱ्यालाही इतक्या वर्षांत ठरवता आलं नव्हतं. नवरा औषधांच्या दुकानात कामाला होता, भोळा सांब. कोणी वेळ विचारली तर घड्याळ काढून हातात देईल असा. त्यामुळे घरातला संशयाचा सगळा वाटा बाईंना एकटीनेच उचलावा लागे.

स्कूल म्हणजे झेरॉक्सवाला आणि शिंपी यांच्यामध्ये दाबून बसवलेली एक अरुंद खोली. काचेचं दार, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, एक टेबल, त्यावर कॉम्प्युटर, आणि वाट बघणाऱ्यांसाठी बाक. गाड्या दोन. एकीवर बाई शिकवत, दुसरीवर मौनी.

मौनी हे अर्थातच त्याचं नाव नव्हतं. चाळिशीचा, सडपातळ, शर्टाचं वरचं बटणही लावणारा माणूस. बोलायचा इतकं कमी की शिकणाऱ्यांना वाटे, हा आपल्यावर रागावलाय. "क्लच." "आरसा." "हळू." एवढ्यात त्याचा तास संपे. बाईंच्या हाताखाली तो बरीच वर्षं होता आणि बाईंना त्याच्या घरी कोण कोण असतं यापलीकडे काही माहीत नव्हतं. जो माणूस ताकास तूर लागू देत नाही, त्याच्या मनात काहीतरी शिजत असतं, असं त्यांचं मत होतं. पण कामात खोट काढायला जागा नव्हती, म्हणून गप्प होत्या.

वेबसाइटचं खूळ भाचीचं. बाईंच्या धाकट्या बहिणीची ही मुलगी दुसऱ्या गावात नोकरीला होती. सुट्टीत आली तेव्हा म्हणाली, मावशी, आता दारावरची पाटी कोण वाचतं, लोक फोनमध्ये शोधतात. दोन दिवस तिने त्या टेबलाशी बसून वेबसाइट उभी केली. तयार सिस्टीम असते म्हणे, कोड-बिड काही यावं लागत नाही. लॉगिन केलं की आतलं घर उघडतं. तिथे नवं पान घ्यायचं, मजकूर लिहायचा, फोटो चिकटवायचा. निळं बटण दाबलं की पान जगाला दिसतं. नाही दाबलं तर ड्राफ्ट म्हणून आतच पडून राहतं, कोणाला दिसत नाही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे आत कोण आलं, कोण गेलं, ते आपल्याला कळणार कसं?

भाची हसली. पासवर्ड असतो ना मावशी, असं म्हणून तिने तो कागदावर न लिहिता बाईंच्या कानात सांगितला, त्यांच्या समाधानासाठी. पण बाई दिवसभर रस्त्यावर. बॅचची वेळ बदलली, एखादी गाडी दुरुस्तीला गेली, तर ते वेबसाइटवर टाकणार कोण? मौनीला दुपारी तास नसत. तेव्हा पासवर्ड त्यालाही मिळाला. तिघांना मिळून एकच किल्ली. बाईंच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती, पण भाची गाडी पकडायच्या घाईत होती.

पुढे बरेच महिने काही झालं नाही. मग एके दिवशी सकाळी दाताच्या डॉक्टरीणबाई आल्या.

त्या कोपऱ्यावरच्याच दवाखान्यातल्या. पन्नाशीला टेकलेल्या, नीटनेटक्या, आणि दारातच उभ्या. बाई त्यांना ओळखत होत्या, कारण दोन वर्षांपूर्वी बाईंची अक्कलदाढ त्यांनीच काढली होती आणि तेव्हा बाईंनी त्यांच्या मनगटाला धरून ठेवलं होतं. आता डॉक्टरीणबाईंनी दाराची मूठ धरून ठेवली होती. त्या म्हणाल्या, मला गाडी शिकायची आहे, आयुष्यभर भीती वाटत आली आहे, पण तुमचं ते पान वाचलं आणि धीर आला.

कुठलं पान, असं बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण आपल्याला माहीत नाही हे समोरच्याला कळू द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यांनी मान डोलावली, फॉर्म भरून घेतला आणि डॉक्टरीणबाई गेल्याबरोबर कॉम्प्युटर लावला.

पान होतं. वरच्या पट्टीत 'आमच्याबद्दल' आणि 'बॅचच्या वेळा' यांच्यामध्ये नवं शीर्षक बसलं होतं: 'घाबरणाऱ्यांसाठी'. बाईंनी चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं.

'तुम्हाला गाडीची भीती वाटते यात लाजण्यासारखं काही नाही. पहिल्या दिवशी आम्ही गाडी सुरूच करत नाही. तुम्ही नुसतं बसायचं. सीट पुढे-मागे करायची, आरसे आपल्या डोळ्यांना जुळवायचे, पाय कुठे ठेवायचे ते बघायचं. गाडी तुमच्या ओळखीची झाली की मगच किल्ली फिरवायची. इथे कोणी ओरडत नाही. तुम्ही चुकलात तर गाडी थांबेल, आम्ही थांबू, आणि पुन्हा निघू.'

बाईंनी ते परत वाचलं. इथे कोणी ओरडत नाही. त्यांचा आवाज शिंप्याच्या मशीनच्या वर ऐकू जायचा, हे सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं. म्हणजे ही थट्टा होती. कोणीतरी आतल्या घरात शिरून त्यांच्याच दारावर त्यांची टर उडवणारी पाटी लावून गेलं होतं.

पहिला संशय चौकापलीकडच्या स्कूलवर. तो मालक गोडबोल्या, हात मिळवताना दुसऱ्याच्या हातातली अंगठी मोजणारा. त्याच्याकडे असले उद्योग करणारी माणसं असतील. पण मग त्याने असं पान का लिहावं, ज्याने बाईंकडे गिऱ्हाईक येईल? बाईंनी यावर विचार केला आणि त्यांना उत्तरही सापडलं: घाबरट माणसं बाईंकडे पाठवायची, बाई त्यांच्यावर ओरडणार, ती रडत बाहेर जाणार आणि गावभर सांगणार. डाव खोल होता. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, अगं, पान चांगलं लिहिलंय, तुझ्या मनातलंच वाटतं. बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो जेवणाचं ताट घेऊन आत गेला.

दुसरा संशय भाचीवर. लहानपणी बाईंनी तिला सायकल शिकवली होती आणि तेव्हा ती पोर हुंदके देऊन रडली होती. त्याचा वचपा? फोन केला. भाचीने शपथ घेतली की तिने महिनाभर त्या वेबसाइटमध्ये पाऊल टाकलेलं नाही. बाईंनी विचारलं, ही सिस्टीम सांगत नाही का कोणी लिहिलं ते? भाची म्हणाली, सांगते, पण आपण तिघं एकाच नावाने आत जातो ना मावशी, तिला सगळे सारखेच. मग तिने प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड करून दिला. बाई मुख्य. मौनीला पानं लिहायची आणि बदलायची मुभा, बाकी काही नाही. हे आधीच का नाही केलंस, असं विचारल्यावर भाची जराशी गप्प झाली. ती चूक झाल्याची शांतता होती की गुन्हा केल्याची, ते बाईंना फोनवरून कळेना.

उरला मौनी. पण त्याचं नाव बाईंच्या मनात नीट बसत नव्हतं. हा माणूस तासभरात तीन शब्द बोलतो, तो एवढं लिहील? आणि लिहायला बसला तर 'क्लच. आरसा. हळू.' एवढंच लिहील, असं त्यांना वाटे.

तेवढ्यात गॅरेजवाल्याने बोलता बोलता एक गोष्ट सांगितली. मौनी येऊन विचारून गेला होता, जुन्या गाडीला शिकवणाऱ्याचा ब्रेक बसवून मिळतो का. बाईंनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. आमच्याच गाडीचं विचारलं असेल, त्या म्हणाल्या. पण परत येताना त्यांनी लाल सिग्नलला स्वतःची गाडी इतकी जोरात थांबवली की मागून हॉर्न वाजले.

पाणी इथेच मुरत होतं. बाई आता मौनीवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवू लागल्या. तो दुपारी कॉम्प्युटरशी बसतो हे त्यांना ठाऊक होतं, पण इतका वेळ? एकदा त्या अचानक आल्या तर तो मान वाकवून काहीतरी टाइप करत होता. दाराचा आवाज होताच त्याने स्क्रीनवरची खिडकी बंद केली आणि उभा राहिला. बॅचची वेळ बदलत होतो, म्हणाला. तो आजवरचा त्याचा सगळ्यात लांब खुलासा होता.

मधल्या काळात माणसं येतच होती. एक ग्रंथपाल, एक निवृत्त हिशेबनीस, नवऱ्याच्या आजारपणामुळे गाडी हातात घ्यावी लागलेल्या एक आजी. सगळी पान वाचून आलेली, सगळी जीव मुठीत धरून. त्यांना बाई मौनीच्या गाडीत बसवत, कारण पानात दिलेला शब्द त्यांना पाळता येत नव्हता. डॉक्टरीणबाई तेवढ्या त्यांनी स्वतःकडे ठेवल्या होत्या, त्या दाढेच्या ओळखीवर. आणि काचेच्या दारातून त्या बघत: मौनीच्या गाडीत पहिल्या दिवशी कोणी गाडी सुरू करत नसे. माणसं नुसती बसून आरसे हलवत.

इतकं डोळ्यांना दिसत होतं, पण बाईंना पुरावा हवा होता. विचारलं तर तो मान हलवेल, हो की नाही तेही कळणार नाही. म्हणून त्यांनी एक सापळा लावला. आपल्या नव्या नावाने आत शिरल्या, ते पान उघडलं आणि एकच वाक्य बदललं. 'पहिल्या दिवशी आम्ही गाडी सुरूच करत नाही' याच्या जागी लिहिलं, 'पहिल्याच दिवशी आम्ही तुम्हाला भर रहदारीत नेतो, म्हणजे भीती मोडते'. निळं बटण दाबलं आणि वाट बघत बसल्या. त्यांचा हिशेब सोपा होता. ज्याचं पोर त्यालाच त्याच्यावरचा ओरखडा सहन होत नाही. तो गुपचूप दुरुस्ती करायला जाईल आणि या वेळी सिस्टीम त्याचं नाव सांगेल.

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौकापलीकडचा गोडबोल्या रस्त्यात भेटून हसला, त्याचाही अर्थ बाईंनी लावून बघितला. भाचीचा फोन आला, तोही तपासला.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाई टेबलाशी डबा उघडून बसल्या होत्या. मौनी आत आला, पण बाकावर बसला नाही. टेबलापुढे उभा राहिला.

"बाई, त्या पानावरचं पहिल्या दिवसाचं वाक्य चुकलंय," तो म्हणाला. "कोणीतरी बदललंय. भर रहदारीत नेलं तर माणूस परत येत नाही. ते काढायला हवं."

बाईंचा घास हातातच राहिला. सापळा लावला होता चोरपावलांसाठी, आणि चोर पुढच्या दाराने येऊन तक्रार नोंदवत होता.

"तुम्हीच का नाही बदललंत?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला मुभा आहे."

"बदलणार होतो. मग वाटलं, तुम्ही बदललं असेल. स्कूल तुमचं आहे."

आता त्याला बसायला सांगणं भाग होतं. तो बसला आणि मग बाईंनी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं तेवढं बोलला, टेबलाच्या कडेकडे बघत, अडखळत. स्वतःचं स्कूल काढायचं त्याच्या मनात होतं. एक जुनी गाडी बघून ठेवली होती. वेबसाइट लागेल म्हणून दुपारी याच सिस्टीमवर हात बसवत होता. त्याच्या स्कूलमध्ये काय असेल ते पान पान लिहून बघायचा, ड्राफ्ट म्हणून ठेवायचा, मग पुसून टाकायचा. हे एक पान पुसायच्या आधी चुकून निळं बटण दाबलं गेलं. त्याला दुसऱ्या दिवशी कळलं, डॉक्टरीणबाई येऊन गेल्यावर.

मग काढलं का नाही, बाईंनी विचारलं.

त्याने मान वळवून कॉम्प्युटरकडे बघितलं.

"लोक येत होते," तो म्हणाला. "मी कधी काही बोललो तर कोणी थांबून ऐकत नाही. ते वाचून लोक येत होते. काढवेना."

बाईंना काय वाटलं हे त्यांनी नंतर नवऱ्यालाही धड सांगितलं नाही. आपला संशय खरा ठरला याचा जो आनंद व्हायला हवा होता तो झाला नाही, एवढं खरं. माझ्या खोलीत, माझ्या विजेवर, माझ्या वेबसाइटवर तुम्ही तुमचं दुकान मांडत होतात, असं त्या म्हणाल्या, आणि आवाज शिंप्यापर्यंत गेला. मौनीने मान खाली घातली. त्याने नाकारलं नाही, माफीही मागितली नाही. महिनाअखेरीस जातो, म्हणाला. बाई म्हणाल्या, आजच गेलात तरी चालेल. तो उठला, गाडीची किल्ली तक्त्याखालच्या खिळ्याला नीट अडकवली आणि गेला.

संध्याकाळी बाईंनी ते पान काढून टाकलं. सिस्टीमने विचारलं, नक्की काढायचं का? बाईंना वाटलं, हिलासुद्धा शंका आहे. हो म्हणून त्यांनी बटण दाबलं.

पुढचे दिवस वाईट गेले. मौनीने ती जुनी गाडी घेऊन स्वतःचं स्कूल काढलं आणि ग्रंथपाल व हिशेबनीस त्याच्या मागे गेले. आजीबाईंनी शिकणंच सोडलं. दुसरी गाडी दारात धूळ खात उभी राहिली. डॉक्टरीणबाई मात्र येत राहिल्या, आणि त्यांच्यापुढे बाईंनी ठरवलं की आता ओरडायचं नाही. पान गेलं तरी डॉक्टरीणबाईंनी ते वाचून नाव नोंदवलं होतं, शब्द शब्द होता. मग बाई दात आवळून बसू लागल्या. चुकीच्या गिअरला गाडी कण्हत असायची आणि बाई खिडकीबाहेर बघत म्हणायच्या, हरकत नाही. डॉक्टरीणबाईंची प्रगती जागच्या जागी थांबली. उलट, वळण आलं की आता त्या पूर्वीपेक्षा लवकर ब्रेक दाबत.

एका तासाला मैदानाजवळ गाडी बाजूला घेऊन त्यांनी स्टिअरिंगवरून हात काढले.

"बाई, तुमची काही तब्येत बिघडली आहे का?" त्यांनी विचारलं. "पूर्वी तुम्ही ओरडायचात तेव्हा मला कळायचं, तुमचं माझ्याकडे लक्ष आहे. आता तुम्ही गप्प असता आणि मला वाटतं मी एकटीच चालवते आहे."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. यात काही डाव आहे का, ते चेहऱ्यावर शोधून झालं. मग म्हणाल्या, आरसा न बघता गाडी बाजूला घेतलीत, मागून ट्रक आला असता तर आपल्या दोघींची वाट लागली असती. हे त्यांनी पूर्ण आवाजात सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी श्वास सोडला, आरसा बघितला आणि निघाल्या.

त्या आठवड्यात बाई दुपारी कॉम्प्युटरशी बसल्या. भाचीला फोन न करता नवं पान घेतलं. लिहायला त्रास झाला. जे लिहावं त्यावर त्यांचाच विश्वास बसेना, म्हणून खोडत गेल्या. शेवटी जे उरलं ते असं: 'मी ओरडते. घाबरलात तरी ओरडते आणि नीट चालवलंत तरी ओरडते. पण गाडीत असताना माझं लक्ष तुमच्यावरून आणि पाय ब्रेकवरून हलत नाही. ज्यांना शांत शिकायचं असेल त्यांनी फोन करावा, दुसरीकडचा पत्ता देईन.'

शेवटची ओळ ठेवावी की नाही यावर त्या बराच वेळ अडून बसल्या. मौनीचा पत्ता द्यायचा म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. पण घाबरलेल्या माणसाला गोडबोल्याकडे जाऊ द्यायचं, हेही पटेना. त्यांनी निळं बटण दाबलं.

माणसं आली. पूर्वीइतकी नाही, पण आली, आणि ती कशाला आलो ते जाणून आली. दुसऱ्या गाडीवर एक नवी शिकवणारी बाई लागली, जी फार बोलते, आणि म्हणून बाईंना तिच्याबद्दलही शंका आहे. डॉक्टरीणबाईंना परवाना मिळाला. आता त्या दवाखान्यात गाडीने येतात, घर चालत येण्याइतकं जवळ असूनही. कधी कोणी अगदीच घाबरलेलं आलं तर बाई पुटपुटत मौनीचा नंबर देतात आणि नंतर त्याला फोन करून विचारतात, आलं का ते माणूस? तो म्हणतो, हो. आरसे जुळवले का? हो. आणि फोन ठेवतो.

त्याची वेबसाइट बाई रोज उघडतात. त्यात काही नवं टाकलंय का, आपलं काही उचललंय का, हे बघायला. 'घाबरणाऱ्यांसाठी' तिथे आहे, शब्द न शब्द तोच. त्याच्या शेजारी त्याने 'आमच्याबद्दल' असं पान केलंय. त्यात त्याने लिहिलंय की हे काम तो एका बाईंकडे शिकला आणि शिकणाऱ्यावरून क्षणभरही नजर काढायची नाही हे त्यांच्याकडून घेतलं. त्यात खोच कुठे आहे, हे बाईंना अजून सापडलेलं नाही. चष्मा पुसून त्या परत पहिल्या ओळीपासून वाचायला लागतात.